पुएब्लाच्या बाळाचं झबलं

आम्ही आता ओहायोत डब्लिनला राहतो. घर मोठं आहे, गॅरेज दोन गाड्यांचं आहे आणि डिसेंबरात सगळ्या घरांवर एकाच छापाचे पांढरे दिवे लागतात, कारण कुणी रंगीत लावले तर कॉलनीच्या कमिटीचं पत्र येतं. छान दिसतं, नाही म्हणत नाही. पण डिसेंबर लागला की मला शिकागोचं ते तीन मजली विटांचं घर आठवतं, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून चार ब्लॉकवरचं, आणि त्याच्या जिन्यात भरून राहणारा दालचिनी आणि पेरूचा वास. नवरा म्हणतो, तुला तिथला हीटर कसा आठवत नाही, सारखा खडखडायचा. आठवतो ना. पण हीटरच्या आठवणीनं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. त्या वासानं माझ्या येतं.

तो वास यायचा खालच्या मावशींकडून. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्या पहिल्यावर. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या. साठीच्या, ठेंगण्या, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, एका शाळेच्या किचनमध्ये कामाला. त्यांना मावशी म्हणायला मीच सुरुवात केली. त्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. त्या मला ‘मिहा’ म्हणायच्या, म्हणजे माझ्या लेकी. त्यांचं इंग्लिश तोडकंमोडकं आणि माझं स्पॅनिश चार शब्दांचं, तरी आमचं कधी अडलं नाही.

ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. शिकागोतला आमचा पहिलाच डिसेंबर होता. संध्याकाळी सातची वेळ, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि खाली पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं हातात मेणबत्त्या घेऊन उभी. म्हाताऱ्या बाया, कडेवर पोरं. ती बाहेरून गाण्यात काहीतरी विनवत होती आणि बंद दाराआडून मावशींच्या घरातली माणसं गाण्यातच त्यांना उत्तर देत होती. स्पॅनिश कळत नसलं तरी ‘नाही’ कुठल्याही भाषेत कळतं. मी जिन्यात उभी राहून दोन-तीन कडवी ऐकली. मग माझं डोकंच फिरलं. अरे, काय माणसं आहात की कोण, एवढ्या थंडीत लेकुरवाळ्या बायकांना दाराबाहेर उभं करता? मी तशीच स्लिपर घालून तरातरा खाली उतरले आणि दार सताड उघडलं. म्हटलं, या, आधी आत या सगळ्यांनी.

आतले-बाहेरचे सगळे मिळून जे हसत सुटले, ते थांबेचनात. मग कळलं की हा त्यांचा नऊ दिवसांचा रिवाज. नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी मेरी आणि जोसेफ यांच्या वतीनं बाहेरच्यांनी आसरा मागायचा, आतल्यांनी नाही म्हणायचं, पुन्हा मागायचा, पुन्हा नाही म्हणायचं, आणि शेवटच्या कडव्याला दार उघडायचं. याला पोसादा म्हणतात. मी मधल्याच कडव्याला उघडलं होतं. लाजेनं मेल्यासारखं झालं, पण मावशींनी माझा हात धरून आत ओढलं आणि पेरू, ऊस, दालचिनी घालून उकळलेल्या गरम पेयाचा मग हातात दिला. वर्षानुवर्षं ही गाणी चालली आहेत, त्या म्हणाल्या, पण आतल्यांवर चिडून दार उघडणारी तूच पहिली.

त्या संध्याकाळी पोरांनी अंगणात टांगलेली कागदाची चांदणी काठीनं फोडली आणि त्यातून बर्फावर शेंगा, संत्री, उसाची कांडी, गोळ्या असं काय काय सांडलं. पोरं त्याच्यावर तुटून पडली. मी बघत राहिले. हे तर आमचं बोरनहाण. लहान बाळाची पहिली संक्रांत आली की त्याला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा ओततो आणि बाकीची पोरं लुटतात, अगदी तेच. दिवाणखान्यात मावशींनी येशूच्या जन्माचा देखावा मांडला होता, त्यात चुरगाळलेल्या खाकी कागदाचे डोंगर, आरशाचं तळं, मेंढ्यांहून मोठी बदकं. आमचा दिवाळीचा किल्लाच की. पुढच्या वर्षी मी त्यांच्या डोंगरावर अळीव पेरून दिले. हिरवंगार झालं, मावशी हरखल्या. मला वाटायला लागलं, ही माणसं आपलीच. इथेच माझं पुढे चुकलं.

पण त्याआधी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आम्हाला मूल नाही. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, आशा लावून बसणं झालं, सगळं झालं. आता त्याचं मी सांगू शकते, तेव्हा सांगू शकत नव्हते. आणि गंमत म्हणा की काय म्हणा, आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये बाळांच्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने करायचे ते मीच. तीळ घ्यायचे, मंद आचेवर चमचा चमचा पाक घालत हातानं हलवत बसायचं, दोन-दोन दिवस. थंडी जितकी कडक तितका हलव्याला काटा चांगला येतो, आणि शिकागोच्या थंडीत असा काटा फुटायचा की बघत राहावं. मुकुट, बाजूबंद, कंठी, कमरपट्टा, आणि त्यावर शोभेलसं काळं झबलंही मीच शिवायची. पण बाळाला ते घालायची वेळ आली की कुणीतरी काकू गोड आवाजात म्हणायच्या, तू फोटो काढ हं, तुझे फोटो छान येतात. बारशाला पाळण्याच्या वरून-खालून बाळ देताना-घेतानाही मी आपली फोटोवाली. उघड कुणी कधी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी दोन शब्द सुनावले तरी असते. असे शेकडो फोटो आहेत माझ्याकडे.

तर तिसऱ्या डिसेंबरात मावशी वर आल्या. माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर नीट बसल्या, पदर असता तर तो सावरला असता अशा बसल्या, आणि म्हणाल्या, आमच्या बाळाची माद्रिना होशील का?

देखाव्यातली गव्हाणी चोवीस तारखेपर्यंत रिकामीच असते. त्या संध्याकाळी बाळ येशू, त्याला त्या निन्यो म्हणायच्या, तिथे निजवायचा, आणि तो निजवायचा मान माद्रिनाचा, म्हणजे धर्माच्या आईचा. बाळाचे कपडेही तिनंच करायचे. एकदा माद्रिना झालं की तीन वर्षं. आणि ज्या घरातलं बाळ आहे त्या घरची बाई आणि माद्रिना एकमेकींच्या कोमाद्रे होतात. आपल्याकडे विहिणी-विहिणींचं असतं तसं, फक्त मानापमान कमी. मावशींची आधीची कोमाद्रे तीन वर्षं पुरी करून मोकळी झाली होती. मी म्हटलं, मावशी, मी तुमच्या धर्माची नाही. त्या म्हणाल्या, ते देव बघेल, त्याला वेळ असतो. मग मी खाली मान घालून म्हटलं, आणि मला मूलबाळ नाही, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, “बाहेर उभ्या असलेल्यांसाठी जी पळत दार उघडायला येते, तिच्याकडे बाळ द्यायला काय हरकत आहे?”

मी हो म्हटलं. हो म्हणताना हुंदका आला, तो मी चहाचं आधण बघायच्या निमित्तानं लपवला.

चोवीस तारखेला खरं तर हे मध्यरात्री करतात म्हणे, पण मावशींना झोप आवरायची नाही, म्हणून त्यांच्याकडे आठ वाजता उरकायचं. निन्यो पुएब्लाहून मावशींच्या आईकडून आलेला, दीड वितीचा, लाकडाचा, काचेच्या डोळ्यांचा, डाव्या करंगळीचा टवका उडालेला. मोठ्या रुमालात गोळ्या-बिस्किटं पसरली, मधोमध त्याला ठेवलं, मी दोन टोकं धरली, मावशींनी दोन, आणि सगळ्यांनी अंगाई म्हणत त्याला झोके दिले. मग मी त्याला उचललं आणि गव्हाणीत गवतावर ठेवलं. खोलीतल्या एकानंही मला फोटो काढायला सांगितलं नाही. फोटो माझ्या नवऱ्यानं काढला, तोही हललेला.

फक्त मावशींची लेक कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. ती शिकागोतच जन्मलेली, दातांच्या दवाखान्यात कामाला, दोन मुलांची आई, तासाभरावर राहायची. आईशी ती स्पॅनिशमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि मावशींनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. माझ्याबद्दल होतं ते, एवढं मला समजलं. पण त्या दिवशी मला कुणाचंही काहीही लागणार नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी हवेतच होते. कपडे माद्रिनानं करायचे, म्हणजे मी. मग त्याचं काय विचारायचं? जानेवारी उजाडलेला, बाळाची माझ्याकडची पहिली संक्रांत. बाळाला संक्रांतीला काय घालतात, हे मराठी बाईला सांगायला लागतं का? मी काळं रेशमी कापड काढलं, माझ्याच एका चंद्रकळेच्या ब्लाउजातलं उरलेलं. त्यावर चांदीच्या टिकल्या लावल्या. बंदांचं झबलं, वर टोपडं. हलवा घातला, त्याचा काटा त्या वर्षी असा आला की आजवर तसा आला नाही. एवढासा मुकुट, एवढ्याशा बिंदल्या, आणि बासरीसुद्धा केली, कारण हात चालत होता आणि थांबत नव्हता. मावशींना चकित करायचं म्हणून मी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या झाडांना पाणी घालण्यासाठी दिलेली किल्ली माझ्याकडे होतीच. संक्रांतीच्या दुपारी, त्या शाळेत असताना, मी खाली गेले, निन्यो गव्हाणीतून उचलला, नटवला आणि देखाव्याच्या मधोमध पाटावर बसवला. काय दिसत होता म्हणून सांगू. मी त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि सोफ्यावर वाट बघत बसले.

बर्फ पडत होतं म्हणून लेक मावशींना शाळेतून घ्यायला गेली होती. दोघी आत आल्या. लेकीच्या हातातली पिशवी खाली पडली. मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्या दाराला टेकल्या.

“कोण गेलं?” लेकीनं मला इंग्लिशमध्ये विचारलं. “आमच्याकडे कुणी मेलं तर काळं घालतात. बाबा गेले तेव्हा मी काळं घातलं होतं. तुम्ही हे बाळाला घातलंत?”

मी काहीतरी सांगायला गेले, पण ती थांबेना. बाळाला दोन फेब्रुवारीच्या आत गवतावरून उचलत नाहीत, ते तुम्ही उचललंत. नव्या माद्रिनाच्या पहिल्या वर्षी त्याला पांढरंच घालतात, पांढरंशुभ्र, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मग ती आईकडे वळली. स्पॅनिशमध्ये बोलू शकली असती, पण ती इंग्लिशमध्येच बोलली, मला समजावं म्हणून.

“ममी, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. हे काम आईचं आहे. जिला मुलं आहेत तिच्याकडे दे.”

मी मावशींकडे बघितलं. त्या गप्प बसल्या त्याचंच मला जास्त लागलं.

आता मी तापट आहे, हे मी कबूल करते. शहाण्या बाईनं सॉरी म्हणून समजावून सांगितलं असतं. मी उठले आणि म्हणाले, घ्या तुमचं बाळ. माझ्या मांडीवर कुणाचं बाळ ठेवायचं नसतं, हे आमच्या लोकांनी मला केव्हाच शिकवलंय, त्यासाठी तुमची गरज नव्हती. किल्ली टेबलावर आपटली आणि जिना चढून वर आले. दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. लाकडाच्या बाहुलीसाठी काय रडायचं, असं स्वतःला बजावत रडले.

नवरा ऑफिसातून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, जाऊ दे ना यार, मूर्तीच आहे शेवटी. मी त्याला फाडून खाल्लं. तू तेच म्हणणार, प्रत्येक वेळी तेच म्हणतोस, टेस्ट निगेटिव्ह आली तरी जाऊ दे, डॉक्टर बदलला तरी जाऊ दे. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “तू झबलं शिवत होतीस ना, तेव्हा गाणं गुणगुणत होतीस. किती वर्षांनी ऐकलं मी.” वरणभात तसाच गार झाला.

चार दिवस मी जिन्यात पाऊल वाजवलं नाही. मावशींच्या दाराची चाहूल लागली की थांबायचे, त्या गेल्या की उतरायचे. खालून कसलाच वास येत नव्हता. आणि खरं सांगते, राग दुसऱ्या दिवशीच ओसरला होता. उरली होती ती भीती. आता त्या दुसरी कुणी बघतील, कोमाद्रे तिला म्हणतील, आणि मी पुन्हा फोटो काढायला.

शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. मावशी. गुडघे दुखतात म्हणून त्या सहसा वर येत नसत, दम लागला होता. हातात माझं काळं झबलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं, घडी घातलेलं. हलव्याचे दागिने बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवलेले, एकही काटा मोडला नव्हता. मी ते बघितलं आणि समजले, परत करायला आल्यात.

त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, काळं का, ते सांग.

मी सांगितलं. संक्रांत म्हणजे ऐन थंडीचा सण, काळ्यात ऊब राहते. शिवाय काळ्यावर दृष्ट लागत नाही. म्हणून जे बाळ सगळ्यात लाडकं, वर्षाच्या आतलं, त्याला त्या दिवशी काळं घालतात आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. एरवी आम्हीही शुभकार्यात काळं घालत नाही, फक्त संक्रांतीला. त्यांना पटतंय की नाही कळेना, म्हणून मी फोनवरचे फोटो काढून दाखवले. काळ्या झबल्यातली गुबगुबीत बाळं, मुकुट डोळ्यांवर घसरलेली, हलवा चोखणारी, भोकाड पसरलेली. मावशी एकेक फोटो बोटानं सरकवत बघत होत्या, हसत होत्या. शाळेतल्या पोरांची इतकी वर्षं ताटं वाढलेली बाई ती, बाळ बघून हसणारच.

मग त्यांनी विचारलं, यातल्या कुणाकुणाला तू नटवलंस?

मी म्हटलं, कुणालाच नाही. दागिने माझे, झबलीही माझी. घालायच्या दुसऱ्या बायका.

मावशी पुन्हा मागे गेल्या आणि सगळे फोटो पहिल्यापासून बघायला लागल्या. आता हसत नव्हत्या. प्रत्येक फोटोत बाळाजवळचे हात बघत होत्या, या हाताला बांगड्या, त्या हाताला घड्याळ. माझे हात कुठेच नव्हते. फोन टेबलावर पालथा ठेवून त्या म्हणाल्या, पांढरं घालायचं असतं, हे मी तुला सांगितलं नाही, ती चूक माझी. त्या दिवशी मी बोलले नाही, तीही माझीच. लेक म्हणते दुसरी बघ. मी तिला सांगितलं, कोमाद्रे ब्लाउजासारखी बदलत नाहीत. आता दोन फेब्रुवारीला दोन आठवडे राहिलेत, मला पांढरे कपडे हवेत.

मी त्यांच्या गळ्यात पडले. त्या माझ्या पाठीवर थापटत स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणत राहिल्या. कळलं नाही, विचारलंही नाही.

पांढरं कापड आणायला डेव्हनवर गेले. बर्फातून जवळजवळ पळतच गेले, इतका उत्साह. नेहमीच्या दुकानात जाऊन कोरं पांढरं सुती कापड मागितलं, बारीक पोताचं. दुकानातल्या म्हाताऱ्या गुजराती काकांनी कापड फाडता फाडता कात्री थांबवली आणि हळूच हिंदीत विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? कुणाचं काही झालं का? मी हसायलाच लागले, ते गोंधळले. पण घरी आल्यावर मशीनसमोर बसले आणि खरंच माझा हात पुढे जाईना. कोरं पांढरं, बाळाच्या मापाचं. काठाला हळदीचं बोट लावावं असं इतकं मनात आलं. मग मावशींच्या लेकीची आठवण झाली आणि पहिल्यांदा तिचा राग आला नाही. माझंही तिच्यासारखंच झालं होतं. हळद न लावता मी शिवलं. लांब अंगरखा, गळ्याला पांढऱ्याच रेशमाची साखळी, पांढरं टोपडं. वाईट वाटायचं ते सगळं टाके घालताना वाटून घेतलं.

त्यानंतर आणखी दोन वर्षं मी त्याचे कपडे शिवले. मग नवऱ्याची नोकरी बदलली, आम्ही ओहायोला आलो. मावशी रिटायर होऊन पुएब्लाला बहिणीकडे गेल्या. चोवीस तारखेला व्हिडिओ कॉल करतात, फोन देखाव्यासमोर धरतात, त्यांचं अर्धं बोट कॅमेऱ्यावर असतं. आता त्याची माद्रिना तिसरीच कुणी आहे आणि ती शिवत नाही, विकत आणते. मी काही बोलत नाही. पण मला विचाराल तर पुन्हा एकदा बघायला मिळावी अशी एकच सकाळ आहे, त्या पहिल्या वर्षाची दोन फेब्रुवारी.

त्या दिवशी निन्योला गवतावरून उठवायचं, नवे कपडे घालायचे, चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि घरी येऊन तमालेस खायचे. मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच पानात उकडलेले. लेक गाडी घेऊन आली होती. तिनं माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. पण मागच्या सीटवर मोठं पातेलं होतं आणि त्यातल्या बिनमांसाच्या तमालेसना ओळखायला तिनं हिरवा दोरा बांधला होता, आमच्या दोघांसाठी. एकेका तमालेला. मी तो दोरा बघितला, तिनं मला बघताना बघितलं आणि ती गाडी चालू करायला वळली.

चर्चच्या दारापासून फुटपाथपर्यंत रांग होती. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक एक निन्यो. कुणी टोपलीत आणलेला, कुणी छोट्या खुर्चीवर बसवलेला, कुणा म्हाताऱ्या बाबांनी कोटाच्या आत धरलेला. मावशींनी घरी त्याला कपडे घालायला मलाच लावलं होतं, स्वतः हात लावला नव्हता, आणि चर्चपर्यंत धरायलाही मलाच दिला होता. नवऱ्यानं फोन काढला. मी म्हटलं, आत्ता नको. त्यानं मुकाट्यानं खिशात घातला.

आमच्या पुढे एक बाई होती, तिशीची, कडेला खरं तान्हं बांधलेलं आणि हातात तिचा निन्यो. मागे वळून तिनं माझ्या हातातल्या बाळाकडे बघितलं, त्याच्या गळ्याच्या साखळीवरून बोट फिरवलं आणि स्पॅनिशमध्ये काही विचारलं. कुणाचा म्हणून विचारते आहे, हे मला समजलं. उत्तर मावशींनी द्यायचं, त्यांच्या घरचा तो, त्यांच्या आईचा. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर चर्चच्या दाराकडे बघत राहिल्या, ऐकूच न आल्यासारख्या.

“माझा,” मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, दुसरं काही सुचलं नाही.

त्या बाईनं मान हलवली, जणू यात विचारण्यासारखंही काही नव्हतं. मग ती माझ्यावर थोडी रागावल्यासारखी काहीतरी बोलली, स्वतःच्या तान्ह्याचं दुपटं ओढून घेत. मी मावशींना विचारलं, काय म्हणते?

मावशी म्हणाल्या, “ती म्हणते, कसली आई तू, त्याचे पाय उघडे आहेत.”

मी माझ्या शालीचं टोक घेतलं आणि पाय झाकले.